कोंबड्यांचं पाणी

आमच्या घरी उन्हाळा कॅलेंडरावर येत नाही, कोंबड्यांच्या चोचीत येतो. होळी उलटली, की एखाद्या दुपारी करंजाच्या झाडाखाली बसलेली कोंबडी चोच उघडते आणि ती मिटायचं नावच घेत नाही. पंख अंगापासून जरा दूर धरायचे, मान पुढं काढायची आणि गळा हलवत धापा टाकत बसायचं. आज दुपारी आमची चितळी कोंबडी तशी बसलेली दिसली. म्हणजे आला. ये बाबा, ये. तुझी वाट बघत होतो असलं काही मी म्हणणार नाही. तू नसतास आला तरी माझं काही अडलं नसतं.

अहमदपुरात गावाच्या कडेला आमचं घर. पुढं दोन खोल्या, मागं परसात करंज, शेवगा, कोंबड्यांचं खुराडं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झालो तरी गावात कुणी मला नावानं हाक मारत नाही, गुरुजीच म्हणतात. बायकोही तेच म्हणायची, पण तिच्या तोंडी ते चेष्टेनं यायचं. मथुरा तिचं नाव. कोंबड्या तिच्या. मी त्यांना धान्य टाकायचो ते तिनं सांगितलं म्हणून. आता सांगणारं कुणी नाही, तरी टाकतो.

परसात खुराड्याशेजारी एक तेलाचा रिकामा डबा परातीत उभा आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, पंधरा लिटरचा. ते मी केलेलं यंत्र. हसू नका, आयुष्यात मी एकच यंत्र केलं. कोंबड्या परातीतलं पाणी प्यायल्या, की डब्यातून तेवढंच पाणी आपोआप खाली उतरतं आणि डबा 'गुडुक' असा आवाज करतो. खाटेवर पडल्यापडल्या मला तो आवाज ऐकू येतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी हे यंत्र केलं तेव्हा मी इतका खूश होतो, की येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून परसात न्यायचो. आता कुणाला नेत नाही.

मथुराच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा लातूरला जायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. तिनं त्याला नावच ठेवलं होतं, धुणं. "आज माझं धुणं हाय वो," असं सकाळी उठून शेजारणीला सांगायची, जणू नदीवरच चाललीय. नव्या शेजारणीला ते खरंच वाटलं, आणि ती म्हणाली, "माझीबी दोन लुगडी घेऊन जा की मावशी." मथुरा त्यावर दिवसभर हसत होती. तिचं असंच होतं. मी रडकुंडीला यायचो आणि ही हसायची.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. लघवी जवळजवळ थांबली आहे. मग प्यालेलं पाणी जाणार कुठं? अंगात साचणार. आधी पायात, मग पोटात, मग फुफ्फुसात आणि काळजावर ताण. दिवसाला एक तांब्या पाणी. बस्स. त्याच्यावर थेंब नाही.

एक तांब्या! मराठवाड्यातला एप्रिल-मे, फरशीवर पाय ठेवला तर चटका बसतो, आणि बाईला दिवसाला एक तांब्या. त्यातच चहा, त्यातच गोळ्या, वरण पातळ झालं तर तेही त्याच हिशेबात. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग कोण-कुठला विचारतात. भांडायला आलेला माणूससुद्धा आधी पाणी पितो आणि मग भांडतो. आणि मी माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या पाण्यावर पहारेकरी झालो. सकाळी तांब्या भरून ओट्यावर ठेवायचो, वर ताटली. माठ उचलून माझ्या खाटेशेजारी आणला. चूळ भरून टाकायला परवानगी होती, तर ती थुंकते का गिळते, हे मी मान वळवून बघायचो.

"बगा बगा, गुरुजी, थुंकले," ती म्हणायची. "द्या मार्क."

तोंडात सारखी लवंग ठेवायची. ओला नॅपकिन मानेवर ठेवायची. कधी नुसताच रिकामा पेला गालाला लावून बसायची. नगरपालिकेचा नळ आमच्याकडे आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो. यायच्या आधी त्यातून नुसती हवा येते, सुंसुं करत. तिच्या डाव्या हातात डॉक्टरांनी मशीनच्या सुयांसाठी नस जोडली होती, तिथं कातडीखाली कायम घरघर चालायची. एकदा तिनं तो हात माझ्या कानाला लावला.

"ऐकू येऊलालंय का? नळ येऊलालाय," ती म्हणाली. "निस्ती हवाच हाय. पाणी काय येईना."

मी हसलो. तेव्हा हसलो. आता नळ सुंसुं करायला लागला की उठून बाहेर जातो. हौद भरला काय आणि नाही भरला काय, एका माणसाला पाणी लागतं किती?

धुण्याच्या दिवशी आम्ही पहाटेच्या एस्टीनं निघायचो, ते दिवस कलायला परतायचो. वाटेतलं चाकूर गेलं की तिचा डोळा लागायचा. परतीच्या वाटेवर ती खिडकीशी बसायची आणि बाहेरून भाजकं वारं यायचं. मशीनवरून उठलेला माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा असतो, बोलायचंसुद्धा त्राण नसतं. तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोंबड्याला पाणी आसंल का वो?" मातीच्या पसरट भांड्यात आम्ही पाणी ठेवून जायचो. पण कोंबडी काय जातीची चीज आहे हे ज्यानं पाळली त्यालाच माहीत. भांड्याच्या काठावर चढणार, पाय टाकणार, उलथवणार आणि मग त्याच ओल्या मातीत अंग घोळणार. दुपारी बारापर्यंत भांडं पालथं.

त्या वैशाखात भुरी खुडूक बसली होती. कोंबडी अंड्यावर बसली की तिला जगाची फिकीर नसते, दिवसातून एकदा काय ती उठते, चार दाणे आणि चार घोट घेते आणि पुन्हा जाऊन बसते. त्या शुक्रवारी आम्ही लातूरहून आलो तेव्हा भांडं पालथं होतं आणि भुरी अंड्यावर मान टाकून पडलेली होती. पंख पसरलेले, अंडी तशीच झाकलेली. ती उठली असणार, पाणी नाही बघून परत जाऊन बसली असणार. मथुरानं तिला उचलून पदरात घेतलं. मी म्हटलं, आतमध्ये चल, तुला उभं राहवत नाही.

"पाण्यावाचून मेली बगा," ती म्हणाली. "घरात हौदभर पाणी आसून."

एवढंच म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली नाही, भुरीकडं बघून म्हणाली. पण मला ते लागलं. मी त्याच वेळी म्हटलं, बास झालं. आता असं काहीतरी करतो, की आपण चार दिवस घरी नसलो तरी तुझ्या कोंबड्यांची चोच कोरडी राहायची नाही.

विज्ञान शिकवत जन्म गेला माझा. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला, त्याच्यावर पुठ्ठा, पेला पालथा आणि पाणी पडत नाही! दरवर्षी पोरं टाळ्या वाजवायची, दरवर्षी मी मिशीतल्या मिशीत हसायचो. हवेला दाब असतो, मुलांनो. तोच दाब कोंबड्यांच्या कामाला लावायचा, दुसरं काय? कोपऱ्यावर मन्मथअप्पांचं किराणा दुकान आहे, त्यांच्याकडे डबा मागायला गेलो. अप्पा म्हणजे गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि अंड्याचं नावसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत, 'ते पांढरं' म्हणायचे. उन्हाळाभर दुकानापुढं त्यांची पाणपोई असते, रांजणाला ओलं पोतं गुंडाळलेलं, आणि अप्पा स्वतः ओगराळ्यानं पाणी वाढतात.

"कोंबड्यासाठी व्हय?" अप्पा म्हणाले. "न्या गुरुजी. पाण्याला कामून न्हाई म्हणू? तुमच्या त्या कोंबड्या 'ते पांढरं' देत असल्या तरी जीवच हाय की."

डबा राखेनं आणि सोड्यानं घासला, तेलाचा वास जाईना. दोन दिवस उन्हात ठेवला. मग दाभण तापवून खाली एका बाजूला भोक पाडलं, डबा परातीत ठेवला, भरला, झाकण लावलं आणि छाती काढून उभा राहिलो. पाणी भोकातून आलं, परात भरली, आता थांबेल, मग थांबेल. कसलं थांबतंय! काठावरून वाहायला लागलं ते डबा रिकामा होईपर्यंत. टँकरचं पाणी, अख्खा डबा, परसात चिखल. कोंबड्या त्या चिखलात नाचत होत्या. मथुरा दाराच्या चौकटीला टेकून पोट धरून हसत होती, हसता हसता धाप लागली तिला.

"ह्येच शिकवलाव व्हय पोरान्ला? कामून नापास होऊलालते ते आता कळालं मला!"

चूक साधी होती. भोक परातीच्या काठापेक्षा वर पडलं होतं. पाणी भोकापर्यंत चढून ते बुजवणार कसं, त्याच्या आधीच काठावरून उतू जाणार. अप्पांकडून दुसरा डबा आणला, भोक बोटभर खाली घेतलं. तरी गळती. मग झाकणाला सायकलच्या ट्यूबची चकती बसवली, वरून जाणारी हवा बंद केली. त्या वेळी भरताना भोकावर अंगठा धरायला कुणीतरी लागत होतं. मथुरा खाली बसली आणि तिनं अंगठा धरला. मी वरून पाणी ओतत होतो. थोडं थोडं पाणी तिच्या बोटांवरून झिरपत होतं.

"लई गार हाय वो," ती म्हणाली.

डबा भरला, झाकण घट्ट लागलं, मी म्हटलं, सोड आता. तिनं लगेच सोडला नाही. मी पुन्हा म्हटलं, अगं सोड की. मग सोडला. पाणी आलं, परातीत चढत गेलं, भोकावर आलं आणि थांबलं. जागच्या जागी थांबलं! चितळी आली, तिनं चोच बुडवली, मान वर करून पाणी घशात सोडलं, पुन्हा चोच बुडवली. आणि डबा बोलला, गुडुक.

मी तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी फळ्यावर सांगावं तसं. पाणी खाली उतरलं की भोक उघडं पडतं, चिमूटभर हवा आत जाते, तेवढंच पाणी बाहेर येतं. जेवढं प्यालं तेवढंच येतं. ती बराच वेळ डब्याकडं बघत होती.

"म्हंजे देणारं कुणीच न्हाई," ती म्हणाली. "कुणाला मागायचं काम न्हाई."

हे वाक्य माझ्या कानावरून गेलं. मला वाटलं यंत्राची तारीफ चालली आहे. अरे, चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरचा कोण काय चघळतोय हे मी फळ्याकडं तोंड करून ओळखायचो! आणि घरात एकच बाई होती, ती काय म्हणते ते कळलं नाही. वर मीच तिला म्हणालो, बघ, आता तुझी काळजी मिटली.

तो डबा जसा चालला तसं दुसरं काही चाललं नाही त्या उन्हाळ्यात. ऊन वाढत गेलं. करंजाची पालवीसुद्धा दुपारी मान टाकायची. मथुराच्या ओठांना भेगा पडल्या, जीभ टाळूला चिकटायची आणि बोलताना आवाज व्हायचा. मी तिला लिंबाची फोड चोखायला द्यायचो. एकदा धुण्याहून परतताना अप्पांनी आम्हाला उन्हातून चालताना बघितलं आणि ओगराळं भरून पेला तिच्या पुढं केला. तिनं तो घेतला. दोन्ही हातांनी धरला, गालाला लावला, या गालाला आणि त्या गालाला. मग परत दिला. अप्पांचा चेहरा उतरला. लोकांना पाणी पाजणारा माणूस तो, त्याला कुणी भरलेला पेला परत केला नव्हता.

"वैनी, पाणी परत करत्यात व्हय?"

"न्हाई अप्पा, पिले की," ती म्हणाली. "गालानं पिले."

घरी आल्यावर मी तिला शाबासकी दिली. होय, शाबासकी! असल्या गोष्टीची शाबासकी देणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

धुण्याआधी तिचं वजन करायचे. दोन धुण्यांच्या मध्ये वजन जेवढं वाढतं तेवढं अंगात पाणी साचलं असं समजायचं. वैशाख सरता सरता ते वजन वाढायला लागलं. पाय टम्म सुजले, चपला बसेनात. मशीनवरची सिस्टर रागावली, "काका, मावशी पाणी लई पितायत. असं चालणार नाही."

मी तर चिडलोच. म्हटलं, सिस्टर, माझ्या हातानं भरून देतो मी. माठ माझ्या उशाशी असतो. तुमचा काटा बघा एकदा. मी भांडत होतो आणि मथुरा भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं, अपमान वाटला असेल बिचारीला. येताना एस्टीत मी तिला म्हटलं, मनाला लावून घेऊ नको, त्यांच्या काट्यातच खोट आहे. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आणि त्याच दिवसांत मी अप्पांच्या दुकानात बसून बढाया मारत होतो. "अप्पा, काय सांगू, पंधरा लिटरचा डबा, पण दोन दिवसांत पार खाली उतरतो. कोंबड्या पाणी पितात म्हणजे किती पितात!" अप्पा तोंडाला हात लावायचे. "एवढं? बकरीबी पीत न्हाई की एवढं." मी म्हणायचो, ऊन किती आहे बघा ना.

ज्येष्ठातली दुपार. मी खाटेवर पडलो होतो, डोळा लागत नव्हता, पंखा गरम वारा फेकत होता. बाहेर डबा गुडुक झाला. जरा थांबून पुन्हा गुडुक. पुन्हा. मला आपलं बरं वाटत होतं, कोंबड्या पाणी पितायत. मग सहज मान वळवून खिडकीतून बघितलं, तर कोंबड्या सगळ्या करंजाखाली बसलेल्या. चितळी, काळी, मानमोडी, कोंबडा. सगळ्यांच्या चोची उघड्या, सगळ्या जागच्या जागी. आणि डबा गुडुक.

खुराड्याच्या पलीकडं मथुरा बसली होती. डोक्यावर पदर घेतलेला. परातीत ओंजळ बुडवायची, तोंडाला लावायची, हनुवटीवरून पाणी गळायचं ते परत हातानं तोंडात ढकलायची. ज्या परातीत कोंबड्या पाय टाकायच्या, चोची धुवायच्या, त्या परातीत. घाईनंसुद्धा पीत नव्हती. लहान लेकरू पितं तशी, श्वास घेत घेत, डोळे मिटून.

मला राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. मला रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. मी उठलो, एवढं आठवतं. माठावरची ताटली काढली, तांब्या बुडवला, काठोकाठ भरला, मोजला नाही, आणि तसाच अनवाणी परसात गेलो. फरशी पोळत होती. ती मला बघून दचकली नाही. तोंड पुसलं नुसतं.

मी तांब्या पुढं केला. म्हटलं, "हे घे. हे पी. ते घाण पाणी पिऊ नको गं."

तिनं तांब्याकडं बघितलं. माठातलं पाणी, वाळ्याचा वास येत होता त्याला. तिनं गिळल्यासारखं केलं. मग दोन बोटांनी तांब्या माझ्याकडं परत सरकवला.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या हातानं न्हाई."

"कामून?" माझ्या तोंडातून तिचीच बोली आली.

"उद्या मला काय झालं तर तुम्ही ह्या हाताकडं बगत बसताल जन्मभर. मला ठाव हाय की तुमचा सोभाव." तिनं डब्यावर हात ठेवला. "ह्यो हाय की. ह्येला काय कळतंय?"

मी तिथंच बसलो तिच्याशेजारी, ओल्या मातीत. चितळी उठून आली आणि आमच्या दोघांच्या मधून मान घालून पाणी प्याली. डबा गुडुक झाला. मथुरा म्हणाली, "बगा, तिला किती तहान लागलती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा हातात घेऊन हौदाजवळ उभा होतो. भरायचा का नाही? भरला नाही तर कोंबड्या तहानेनं मरणार. भरला तर... मथुरा चुलीपुढं बसून पालक निवडत होती, वर बघत नव्हती. मी कोंबड्यांसाठी भरतोय, असं मी मनाशी म्हटलं आणि भरला. त्या दिवसापासून परात मात्र रोज राखेनं घासायला लागलो, आरशासारखी. डब्याला ओलं पोतं गुंडाळलं, अप्पांच्या रांजणासारखं. हौदातलं पाणी सोडून माठातलं ओतायला लागलो. आणि दुपार झाली की चप्पल घालायचो, अप्पांकडे जाऊन येतो म्हणायचो, आणि दुकानात जाऊन बसायचो. अप्पा विचारायचे, "उन्हाचं कामून येताव गुरुजी?" मी म्हणायचो, घरात गरम होतं.

तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रोज सकाळी ओट्यावर तांब्या, त्याच्यावर ताटली. रोज रात्री त्या तांब्यात थोडं पाणी शिल्लक राहायला लागलं.

मृगाची चाहूल लागली होती आणि पाऊस नव्हता, तेव्हा ती गेली. दुपारी धाप लागली, लातूरला पोचेपर्यंत ओठ निळे पडले. छातीत पाणी झालं होतं. ज्या मुलखात माणसं घागरीसाठी भांडतात, त्या मुलखात माझी बायको आतल्या आत बुडाली. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं. खरं म्हणाले का माझी समजूत घातली, मला माहीत नाही. विचारायला पुन्हा गेलो नाही. ते परातीतलं पाणी नसतं तर ती अजून सहा महिने जगली असती? एक वर्ष? आणि ते वर्ष कसं जगली असती, तोंडात लवंग धरून? माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. आयुष्यभर पोरांना म्हणालो, विज्ञानात प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. खोटं सांगितलं.

घरी आणलं तेव्हा परसापर्यंत माणसं. लातूरच्या दवाखान्यातून अंगणात, अंगणातून ओसरीवर. उदगीरहून आमची सविता आली होती, आईच्या पायाशी बसून होती. कुणीतरी तांब्या आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणालं, "गुरुजी, तोंडात पाणी सोडा." शेवटचं पाणी. नवऱ्यानं सोडायचं असतं. तोच तांब्या होता, ओट्यावरचा. मी तो धरला. माझा हात पुढं जाईना. माणसं थांबली होती. मन्मथअप्पा म्हणाले, "सोडा गुरुजी. धीर धरा."

धीराचा प्रश्न नव्हता. तिनं नको म्हटलं होतं. तुमच्या हातानं न्हाई, म्हणाली होती, आणि मी तिचं दुसरं काही ऐकलं नव्हतं आयुष्यभर. मी तांब्या सविताच्या हातात दिला. तिनं पाणी सोडलं. ते ओठाच्या कडेनं, हनुवटीवरून खाली ओघळलं. लोक काय म्हणाले असतील ते म्हणोत. दगड आहे, म्हणाले म्हणे कुणीतरी.

सविता दर आठ दिवसांनी फोन करते. "अण्णा, कोंबड्या कुणालातरी देऊन टाका आणि इकडं या. एकटे किती दिवस राहताव?" तिचं बरोबर आहे. काळी गेली, कोंबडा गेला. चितळी आणि मानमोडी उरल्या आहेत, त्याही म्हाताऱ्या, आता 'ते पांढरं' देत नाहीत. मी म्हणतो, उन्हाळा जाऊ दे, मग बघू. मागच्या उन्हाळ्यातही हेच म्हणालो होतो.

आज चितळीनं चोच उघडली म्हणून डब्याला पोतं गुंडाळलं. ट्यूबची चकती बदलली, जुनी उन्हानं कडक झाली होती. परात राखेनं घासली. डबा भरताना भोकावर अंगठा मलाच धरावा लागतो आणि वरून पाणीही मलाच ओतावं लागतं, त्यामुळं निम्मं सांडतं. दोन कोंबड्यांना डबाभर पाणी काय करायचंय? आठ-आठ दिवस पुरतं. पण रोज सकाळी मी शिळं ओतून देतो आणि माठातलं ताजं भरतो. काठोकाठ.

दुपारी खाटेवर पडतो. परसात डबा गुडुक होतो, आणि मी रोज मान वळवून खिडकीतून बघतो. कोंबडीच असते.